308 साठी जलद पावडर की संथ? नळी 20 इंची

टेक्सासकर:
मुक्काम ऑस्टिनजवळ. काडतुसं घरीच भरायची आहेत (रीलोडिंग). रायफल 308 विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, नळी 20 इंच, 168 ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) मॅच बुलेट. 600 यार्डांपर्यंत कागदी टार्गेट, शिकार नाही. वारगेट ही पावडर मिळत नाहीये. दुकानात एच335, आयएमआर 4064 आणि एच4350 आहेत. नळी आखूड असेल तर लवकर जळणारी पावडर घ्यावी, असं रेंजवर ऐकलं. मग एच335 घेऊ का? घरी एम1 गॅरंडही आहे (सेमी-ऑटोमॅटिक रायफल, 30-06 काडतूस). दोन्हींना एकच डबा चालला तर सोन्याहून पिवळं.

ब्रासवाला:
रेंजवरचा सल्ला सोडून द्या. पावडरची निवड नळीच्या लांबीवर नाही, तर केसमधली (काडतुसाच्या पितळी कवचातली) जागा, बोअरचा (नळीच्या छिद्राचा) व्यास आणि बुलेटचं वजन यांवर ठरते. दाबाचं शिखर बुलेट पहिल्या काही इंचांत असतानाच येऊन जातं. पुढे फक्त गॅस प्रसरण पावत राहतो. म्हणून 24 इंचांत जी पावडर जास्त वेग देते, तीच बहुतेक वेळा 20 इंचांतही देते. वेग इंचामागे साधारण 20-25 फूट प्रति सेकंद घटतो, आणि संथ पावडरने तोंडाशी भडका मोठा दिसतो, एवढंच.

जड बुलेट जागची हलायला वेळ घेते. तेवढ्यात जलद पावडर जळून जाते, दाब लवकर वर चढतो आणि कमाल दाबाची (मॅक्स) मर्यादा (308 ला 62,000 पीएसआय) कमी वेगातच गाठली जाते. उलट एच4350 इतकी संथ, की 168 ग्रेनला केस गळ्यापर्यंत भरते तरी पुरेसा दाब येत नाही. ती 6.5 क्रीडमूर काडतुसात शोभते.

एच335 बॉल (गोल दाण्यांची) पावडर आहे. मेजरमधून (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रातून) पाण्यासारखी पडते, पण तापमानाला हळवी. जानेवारीत मॅक्सवर बसवलेला लोड ऑगस्टच्या उन्हात बोल्ट घट्ट करू शकतो. 223 काडतुसाला 55 ग्रेनसाठी ती उत्तम, इथे नको. तुमच्यासाठी 4064.

ट्रिकलर:
4064 घेताना एक लक्षात ठेवा, तिच्या काड्या लांब असतात. मेजरच्या ड्रममध्ये त्या कचकन तुटतात आणि माप कमी-जास्त पडतं. मेजरमधून अर्धा ग्रेन कमी टाका, उरलेलं तराजूवर ट्रिकलरने (दाणा-दाणा टाकणाऱ्या साधनाने) भरा. चार्जचा (एका काडतुसातल्या पावडरचा) आकडा फोरमवरून उचलू नका, पावडर कंपनीच्या चालू डेटातूनच घ्या. स्टार्ट लोडपासून 0.3 ग्रेनने वर जा. बोल्ट उचलायला जड गेला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटला, तर तिथेच थांबा आणि उरलेली काडतुसं पुलरने (बुलेट उपसणाऱ्या साधनाने) उघडा. चपटा प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) एकटा पुरावा नाही. मऊ प्रायमर कमी दाबातही चपटतो.

बर्न रेटचा (पावडर जळण्याच्या वेगाचा) तक्ता म्हणजे फक्त क्रम. दोन शेजारच्या पावडरींत फरक किती, हे त्यात कळत नाही. नाव सारखं म्हणून आयएमआर 4895 चा डेटा एच4895 ला लावू नका. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा.

ऑप-रॉड:
गॅरंडचं गणित वेगळं. तिचं गॅस पोर्ट (यंत्रणा चालवायला गॅस घेणारं छिद्र) नळीच्या तोंडाजवळ आहे. संथ पावडर तिथे पोचताना दाब चढाच ठेवते, त्यामुळे ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे नेणारी दांडी) जोरात मागे फेकला जातो आणि वाकतो. चेंबरचा दाब मर्यादेत असूनही हे होतं, म्हणून प्रायमर बघून काही कळत नाही. 4895 ते 4064 या पट्ट्यात राहा, 4350 आणि तिच्याहून संथ पावडर टाळा, बुलेट 150 ते 168 ग्रेन. बदलता गॅस प्लग (गॅस कमी-जास्त करता येणारा) बसवल्यावर थोडी मोकळीक मिळते. प्रायमर कडक कवचाचा घ्या आणि केसच्या बुडापासून किंचित आत बसवा. फायरिंग पिन मोकळी असल्याने बोल्ट बंद होतानाच ती प्रायमरला टेकते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आर्म्स अ‍ॅक्टखाली दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, शस्त्राचा परवाना त्यासाठी पुरत नाही.

टेक्सासकर:
म्हणजे 4064 चा एक डबा, 168 ची बुलेट दोन्हींना. डेटा दोन पानांवरून, आणि गॅरंडसाठी तिचाच खास.

ब्रासवाला:
बरोबर. लॉट नंबर डब्यावरून वहीत उतरवा. नवा लॉट आला की मॅक्सजवळचा लोड तसाच भरू नका, 5 टक्के खाली येऊन पुन्हा वर चढा. एका पाउंडाच्या डब्यात 7,000 ग्रेन पावडर. 308 आणि 30-06 दोन्हींना मिळून दीडशेच्या आसपास काडतुसं होतील, तेव्हा एकाच लॉटचे दोन-तीन डबे घेतलेले बरे.