शब्दचर्चा: पक्षपात, पंक्तिप्रपंच की साटंलोटं?

बर्फवेडी

फिगर स्केटिंगवर मराठीत एक लेख लिहायला घेतलाय आणि दुसऱ्याच परिच्छेदात गाडी अडली आहे. २००२, सॉल्ट लेक सिटीचं हिवाळी ऑलिंपिक. जोड्यांच्या स्पर्धेत रशियाच्या बेरेझनाया-सिखारुलिद्झे यांना पाच विरुद्ध चार मतांनी सुवर्ण मिळालं, कॅनडाच्या साले-पेल्तिए यांना रौप्य. मग फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून म्हणाली की, आमच्याच महासंघाच्या अध्यक्षांनी माझ्यावर दबाव आणला होता. याला मी 'परीक्षकांचा पक्षपात' लिहिलं. पुढे २०१४ चं, रशियातल्या सोचीचं ऑलिंपिक आलं, तिथेही 'पक्षपात'. फ्रान्सची स्केटर सुरिया बोनाली आली, पुन्हा 'पक्षपात'. ही तीन प्रकरणं एका जातीची नाहीत हे कळतंय, पण हाताशी शब्द एकच. इंग्रजीत सगळ्याला 'बायस' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत का?

आणि 'फेअर'ला काय म्हणू? 'न्याय्य' लिहिलं की अंगावर काळा कोट चढल्यासारखं वाटतं.

पाटीपेन्सिल

२००२ साठी शब्द तयार आहे, साटंलोटं. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात, अशी सोयरीक. आरोप नेमका तोच होता ना? जोड्यांचं सुवर्ण रशियाला आणि त्या बदल्यात आइस डान्सचं (तोही जोडीचाच, पण नाचावर भर असलेला वेगळा प्रकार) फ्रान्सला. आइस डान्समध्ये अनिसिना-पेझेरा ही फ्रेंच जोडीच पहिली आली. पक्षपात एकटा माणूसही करू शकतो, मनातल्या मनात, कोणाला न सांगता. साट्यालोट्याला दोन घरं लागतात.

उलटतपासणी

थांबा. दोन घरं लागतात म्हणताय, तर दुसरं घर राजी होतं हे कुठे सिद्ध झालं? शिक्षा झाली ती ल गून आणि फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष यांना. तीन वर्षांची बंदी, शिवाय २००६ चं ऑलिंपिकही बंद. ल गूनने नंतर आपलं म्हणणं फिरवलं, मला रशियन जोडीच सरस वाटली होती म्हणाली. रशियन जोडीचं सुवर्ण काढून घेतलं नाही, कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण दिलं. म्हणून 'साट्यालोट्याचा आरोप' लिहा. एका शब्दाचा फरक आहे, पण तो ठेवा.

शिवाय ती पाच मतं बघा: रशिया, युक्रेन, पोलंड, चीन आणि फ्रान्स. चारांबद्दल चाहते आजही 'ब्लॉक' म्हणतात. मराठीत 'गोतावळा' म्हणा हवं तर. गोतावळ्याला ठरवाठरवी लागत नाही. आवडीनिवडीच सारख्या असतात, एकाच परंपरेत वाढलेल्या. सिखारुलिद्झे एका उडीनंतर अडखळला हे साऱ्या जगाने पाहिलं. पण रशियन जोडीची रचना जास्त गुंतागुंतीची होती, असं मानणारे जाणकारही तेव्हा होतेच.

माजघर

पंक्तिप्रपंच हा शब्द कुणालाच कसा आठवला नाही! एकाच पंगतीत बसलेल्यांत वाढताना भेद करायचा. जावयाच्या पानात तुपाची धार, शेजारच्याच्या भातावर नुसता थेंब. तूप तेच, वाढपी तोच, फरक पानावर बसलेल्या माणसाचा.

स्केटिंगमध्ये हे रोज दिसतं. नावाजलेली मुलगी दोनदा पडते, तरी तिचे सादरीकरणाचे गुण जागचे हलत नाहीत. नवखी पोरगी बिनचूक करते आणि तिच्या पानात थेंब. इंग्रजी चाहते म्हणतात, परीक्षकांनी तिला 'होल्ड अप' केलं. आपल्याकडे त्याला 'सांभाळून घेतलं' असा नेमका शब्दप्रयोग आहे, तोच वापरा. नवख्या पोरीला तेच लोक 'अजून तुझी पाळी नाही' असं न बोलता सांगत असतात.

टोरांटोची थंडी

वा, माजघरताई. पण एक दुरुस्ती. जुन्या पद्धतीत (जास्तीत जास्त ६.० गुण) सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरलेल्याला कमी गुण मिळायचे, त्याला पंक्तिप्रपंच म्हणू नये. तिथे गुणांना स्वतःची किंमत नव्हती, त्यातून निघणारा क्रम महत्त्वाचा. पहिल्यालाच ५.९ देऊन बसलं तर पुढच्या चांगल्यासाठी जागा कुठून आणणार? म्हणून परीक्षक हात राखून गुण देत. वीस पानं वाढायची असताना पहिल्याच पानात अर्धी बासुंदी कोण ओतेल? त्या वागण्यामागे हिशेब होता. त्यात लबाडी असेलच असं नाही. २००४ मध्ये नवी पद्धत आली आणि हे कारण संपलं. सवय मात्र चटकन सुटली नाही, हे मान्य.

बर्फवेडी

हात राखून! हे घेतलंच. आता नव्या पद्धतीबद्दल विचारते. 'जज'ला मी कुठे पंच लिहिते, कुठे परीक्षक. एकच ठेवू का?

उलटतपासणी

एकच ठेवू नका, दोन्ही ठेवा, पण वाटून. तुमच्या सगळ्या लेखाची किल्ली इथे आहे असं मला वाटतं.

पंच काय झालं ते सांगतो. पाय रेषेच्या आत होता की बाहेर, झेल टिपला की जमिनीला लागला. परीक्षक कसं झालं ते सांगतो, म्हणजे एकांकिका स्पर्धेतला किंवा वक्तृत्वाचा. क्रिकेटच्या पंचाला फलंदाजाचा कव्हर ड्राइव्ह सुंदर होता की नाही याच्याशी कर्तव्य नसतं. स्केटिंगच्या नव्या पद्धतीत ही दोन कामं दोन वेगळ्या टेबलांवर गेली. उडी पूर्ण फिरली का, टेक-ऑफ पात्याच्या योग्य कडेवरून झाला का, पावलांच्या मालिकेला कितवी पातळी द्यायची, हे टेक्निकल पॅनल ठरवतं. ते झाले पंच. नऊ जण प्रत्येक घटकाच्या दर्जाला (आता उणे पाच ते अधिक पाच) आणि एकूण सादरीकरणाला गुण देतात. ते परीक्षक. त्यांच्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळून उरलेल्या सातांची सरासरी काढतात.

चाहते नेहमी परीक्षकांच्या नावाने खडे फोडतात. कित्येकदा पदक हललेलं असतं ते पंचांच्या टेबलावर.

पाटीपेन्सिल

सोची हेच उदाहरण. लहान कार्यक्रमानंतर, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या भागानंतर, दक्षिण कोरियाची युना किम ७४.९२, रशियाची आदेलिना सोत्निकोवा ७४.६४. शेवटी सोत्निकोवा २२४.५९, किम २१९.११. किमच्या बाजूने ऑनलाइन अर्जावर पंधरा लाखांहून जास्त सह्या झाल्या. पण सोत्निकोवाने मोठ्या कार्यक्रमात (म्हणजे मुक्त स्केटिंगमध्ये) सात तिहेरी उड्या मारल्या, किमने सहा. पावलांच्या मालिकेला सोत्निकोवाला चौथी पातळी, किमला तिसरी. हे सगळं पंचांच्या खात्यातलं. त्यावर मग परीक्षकांचं झुकतं माप.

'झुकतं माप' शब्द मुद्दाम वापरतोय. वाणी काटा बरोबर मध्यावर आला तरी वर चिमूटभर टाकतो, पारडं गिऱ्हाइकाकडे झुकतं. दुकानात हे चांगुलपणाचं लक्षण. स्पर्धेत मात्र ती चिमूट दुसऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून जाते. घरच्या प्रेक्षकांचा गजर चालू असताना नऊ जणांनी थोडी-थोडी चिमूट टाकली, तर त्यासाठी कोणी कोणाला फोन करावा लागत नाही.

टोरांटोची थंडी

फोनवरून आठवलं. सोचीच्या परीक्षकांत युक्रेनचे युरी बाल्कोव होते. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं आइस डान्सच्या क्रमांकांबद्दलचं फोनवरचं बोलणं कॅनडाच्या परीक्षक जीन सेन्फ्ट यांनी टेप करून ठेवलं, आणि बाल्कोव यांच्यावर वर्षभराची बंदी आली. ती भोगून ते परत टेबलावर. शिवाय एक परीक्षक रशियन महासंघाच्या बड्या पदाधिकाऱ्याची पत्नी. याला पक्षपात म्हणता येत नाही, कारण तिने काय गुण दिले तेच कोणाला ठाऊक नाही. याला 'लागेबांधे' म्हणतात. लागेबांधे असले म्हणजे अन्याय झालाच असं नाही, पण त्या खुर्चीवर त्यांनी बसू नये एवढं तरी म्हणता येतं.

माजघर

ठाऊक नाही म्हणजे? गुणपत्रक तर छापतात.

टोरांटोची थंडी

छापायचे, पण कोणता रकाना कोणाचा ते झाकून! २००२ च्या प्रकरणानंतर कारण दिलं गेलं की नाव दिसलं नाही तर मायदेशचा महासंघ परीक्षकाला जाब विचारू शकणार नाही. झाकली मूठ. ही पद्धत २०१६ मध्ये बंद झाली. चोराला सोडून घराचे दिवे मालवण्याचा प्रकार होता, असं माझं मत.

कित्ता

मी या खेळातला नाही, भाषेतला आहे, पण 'फिगर' शब्दावरून एक भर. आपल्याकडे फिगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कंबर येते. मूळ अर्थ आहे बर्फावर पात्याने कोरलेल्या आकृत्या, आठाचा आकडा वगैरे. एकच रेघ पुन्हापुन्हा गिरवायची आणि परीक्षक वाकून रेघ तपासणार. हा शब्दशः कित्ता गिरवणं झाला. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी होती, पण कित्त्यात इतकी पुढे की सुवर्ण तिचं. मुक्त भागात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन तिसरी. १९९० नंतर मोठ्या स्पर्धांतून हा कित्ता गेलाच.

हे सांगायचं कारण तुमचा 'फेअर'. शुबाचं सुवर्ण न्याय्य होतं, नियमाला धरून होतं, तिथे कोणी लबाडी केली नाही. पण टीव्हीवर फक्त मुक्त भाग पाहणाऱ्यांना ते रास्त वाटलं नाही. 'रास्त' घ्या. रेशनच्या दुकानावर वर्षानुवर्षं 'रास्त भाव दुकान' पाटी आहे, तिथे 'फेअर'लाच रास्त म्हटलंय. फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ सरळ. न्याय्य हे नियमपुस्तकाला विचारायचं, रास्त हे बघणाऱ्याच्या मनाला.

बर्फवेडी

कित्ताकाका, साष्टांग. रेशनच्या दुकानात शब्द मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता 'चीटेड जंप'. शब्दशः 'फसवी उडी' केलं तर बिचारीवर चोरीचा आळ येतो.

पाटीपेन्सिल

येतोच. कितीतरी नवे प्रेक्षक या शब्दाने फसतात. गिरकी हवेत पुरी झाली नाही, उरलेली बर्फावर टेकल्यावर फिरून घेतली, एवढाच अर्थ. मला आधी 'मापात पाप' सुचलं होतं, पण त्यात पाप आहे. साधं 'अपुरी उडी' लिहा. स्केटरला गुन्हेगार करायची इंग्रजी चाहत्यांची सवय आपण कशाला उचलायची?

माजघर

बोनालीचं राहिलं. तिथे तरी पक्षपात चालेल का?

बर्फवेडी

तिथेच सर्वांत कमी चालतोय. १९९४ ची जागतिक स्पर्धा, जपानमध्ये. युका सातो पहिली, बोनाली अगदी थोडक्यात दुसरी. आधी ती मंचावर चढेना, मग गळ्यात घातलेलं रौप्य तिने तिथेच काढलं. तिच्याबद्दल नेहमी तेच म्हटलं जायचं की ताकद आहे, नजाकत नाही. फ्रान्सची ही कृष्णवर्णीय मुलगी, आणि समोरच्या सगळ्यांच्या मनात 'आइस प्रिन्सेस'चं एकच चित्र.

माजघर

मग 'दुजाभाव'. पंक्तिप्रपंचात निदान पंगतीला बसवलेलं तरी असतं. दुजाभावात 'तू आमच्यातली नव्हेस' हे आधीच ठरलेलं. आणि पदक काढण्याला 'उद्धटपणा' लिहू नका. तेव्हाच्या बातम्यांत काय लिहिलं असेल ते असो, मराठीत 'मानी' म्हणतात.

उलटतपासणी

मानी मान्य. पण त्या एका निकालात दुजाभाव झाला, असं विधान नको. सातोचे पाय बर्फावर ज्या सहजतेने चालत ते पुन्हा बघा, तोही निकाल रास्त वाटू शकतो. दुजाभाव तिच्या एकूण कारकिर्दीबद्दल लिहा. १९९८ मध्ये नागानोला तिने मनाई असलेली उलटी कोलांटी मारली आणि एका पात्यावर उतरली. गुण कापले जाणार हे तिला पक्कं माहीत होतं. ती उडी नियमात बसायला २०२४ साल उजाडलं.

टोरांटोची थंडी

जाता जाता दोन. २०१० च्या ऑलिंपिकमध्ये रशियाचा प्लुशेन्को १.३१ गुणांनी हरला आणि चौपट उडी न मारता जिंकलेल्या अमेरिकेच्या लायसाचेकला उद्देशून, हे स्केटिंग नव्हे नाच, अशा अर्थाचं बोलला. रौप्य घ्यायला जाताना सुवर्णाच्या पायरीवर पाय ठेवून गेला. त्याला 'रडीचा डाव'. आणि बीजिंग २०२२ चं सांघिक पदक, रशियाच्या वालियेवाच्या उत्तेजक प्रकरणामुळे अडकलेलं, अमेरिका आणि जपानच्या हातात पडलं ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसच्या उन्हाळी ऑलिंपिकच्या वेळी. वरातीमागून घोडं, आणि तेही भर उन्हात.

पाटीपेन्सिल

प्लुशेन्कोला रडीचा डाव म्हणणं मला पटत नाही. रडीचा डाव खेळ चालू असताना खेळतात. खेळ संपल्यावर करतात ते रडगाणं.

बर्फवेडी

रडगाणं केलं. लेखातले आठ पक्षपात खोडले, एक ठेवलाय, जिथे मलाच नक्की काय झालं ते माहीत नाही तिथे. शेवटचा अडलेला शब्द 'किस अँड क्राय'. गुणांची वाट बघत स्केटर आणि प्रशिक्षक बसतात तो कोपरा. 'हसू-आसूचा कोपरा' कसं वाटतं?

माजघर

भावगीतासारखं वाटतं. 'निकालाचा बाक' लिही. दहावीच्या निकालाला आपण सगळे तसेच बसलो होतो.