अनुभव सांगा : अख्खी होडी ठरवून केलेली एका दिवसाची सहल

आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमधली पाच घरं मिळून चौदा माणसं. त्यात सत्तरीच्या पुढच्या दोन आज्या आणि एक दोन वर्षांचं पोर. फेब्रुवारीत एक होडी दिवसभरासाठी ठरवायची, बेलापूर बाजूनं घारापुरीला जायचं, लेणी बघायची, डबे खायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी, असा बेत आहे. गेटवेच्या गर्दीच्या लाँचनं जायचं नाही, एवढं सगळ्यांचं एकमत झालंय. बाकी कशावरही नाही.

मी तीन नाववाल्यांशी बोललो. एक म्हणाला सकाळी सातला या, दुसरा म्हणाला अकराच्या आधी नाही, तिसऱ्यानं "तारीख सांगा, मग वेळ सांगतो" म्हणून फोन ठेवला. आपण पैसे मोजतोय तर वेळ आपण का ठरवू नये, हे मला कळेना. ज्यांनी अशी सहल केलीय, मग ती आपल्या खाडीतली असो की लांबची, त्यांनी जरा सविस्तर लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

*

बेलापूरहून

आम्ही मागच्या वर्षी जानेवारीत नेमकं हेच केलं. नऊ माणसं, मासेमारीचीच होडी, वर ताडपत्री बांधलेली. निघालो तेव्हा पनवेल खाडीत पाणी चढत होतं. उजव्या हाताला सीवूड्सच्या इमारती, डाव्या हाताला उलव्याकडची खारफुटी. खाडीच्या तोंडाशी डावीकडे वळलं की समोर तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) डोंगर आणि पुढं अटल सेतू. या पुलाची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा पाण्यावर, हे पेपरात वाचलं होतं. पण त्याच्या खांबांमधून होडी गेली तेव्हा वर बघताना माझ्या मुलाची टोपी मागच्या मागं पाण्यात पडली. ती शेवटपर्यंत मिळाली नाही.

पूल मागं टाकला की डावीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात आणि कंटेनरची जहाजं. त्या जहाजांपासून आमच्या तांडेलानं, म्हणजे होडी चालवणाऱ्यानं, होडी बरीच लांबून काढली. त्याचं म्हणणं, जहाज गेल्यावर मागून लाट येते, ती आडवी घ्यायची नाही, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, घ्यायची. एकदा तशी लाट आली, त्यानं होडीचं तोंड फिरवलं आणि सासूबाईंनी माझा दंड असा धरला की दोन दिवस निळा होता.

घारापुरीला धक्क्यावरून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे. पायऱ्या सव्वाशेच्या आसपास, दोन्ही बाजूंना दुकानं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते, पण भाव खालीच ठरवा. पहिल्या मोठ्या लेण्यात सगळे जण सदाशिवाच्या त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि निघतात. तसं करू नका. कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी थांबा. सासूबाई तिथं पंधरा मिनिटं उभ्या होत्या. म्हणाल्या, "लग्नात मान कशी खाली घालायची ते हिच्याकडून शिकावं." मग स्वतःच हसल्या, कारण त्यांचं लग्न रजिस्टर झालं होतं.

मुलांना बेटावर हत्ती कुठाय हा प्रश्न पडतो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आम्ही तो पुढच्या रविवारी जाऊन पाहिला, तेव्हा कुठं सहल पूर्ण झाली.

माकडं फार आहेत. हातात बाटली दिसली तरी घेतात.

लेणी दोन तासांत होतील असं धरलं होतं, झाले साडेतीन. खाली आलो तर तांडेल धक्क्यावर उभा राहून नुसता पाण्याकडे बघत होता. बोलला एवढंच, "पानी सुकतंय." म्हणजे ओहोटी लागलीय. परतीला बेलापूरपर्यंत पोचलो, पण शेवटच्या टप्प्यात खलाशी पुढं उभा राहून बांबूनं तळ चाचपत होता.

*

दिवाळे कोळीवाड्यातून

वरचं वाचलं. तुम्हाला दोन नाववाल्यांनी दोन वेळा सांगितल्या, तुम्ही दोघांना वेगळ्या तारखा विचारल्या असणार. तिघंही बरोबर आहेत, वेळ भरती ठरवते.

आमच्याकडं भरतीचा सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आतबाहेर. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा. म्हणजे आठवड्यानं सगळं उलटं होतं. गेल्या रविवारी दुपारी बाराला पाणी होतं म्हणून या रविवारी बाराला आलात, तर चिखल दिसेल.

पुनव-अवसेच्या आसपास उधाणाचं पाणी, जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. आज्यांना घेऊन जाताय तर भांगाच्या जवळचे दिवस बरे, धार कमी असते आणि धक्क्यावर चढ-उतरही सोपी जाते. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. माणसं समुद्रात पडत नाहीत, पायरीवर पडतात.

मी नोकरी करतो, होडी वडील चालवायचे. एकदा माझ्या ऑफिसच्या साहेबांना फिरवायला नेलं. ते निघता निघेनात, अजून अर्धा तास थांबा म्हणाले. वडील त्यांना काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दर्या काय तुझ्या सायबाचा शिपाई हाय?"

अजून एक. लाईफ जॅकेट माणशी एक आहे का ते होडीत बसायच्या आधी मोजा आणि लहान मुलाच्या मापाचं आहे का ते वेगळं विचारा. मोठं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून येतं. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतर सगळे जॅकेट घालायला लावतात. पण घालणं आणि पट्टे आवळणं यात फरक आहे.

*

ठाण्याहून, खाडीकाठच्या जुन्या वस्तीतून

वरच्या दादांचा हिशोब मला चार वर्षांपूर्वी कळायला हवा होता.

आम्ही सहा मित्र. फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या केंद्रातली बोट मिळाली नाही, म्हणून एका ओळखीच्या ओळखीतून खाजगी होडी ठरवली. दिवस होता पुनवेनंतरचा पहिला. एकला निघालो तेव्हा खाडी तुडुंब, त्यामुळे पक्षी लांब, कडेच्या खारफुटीजवळ. नाववाला म्हणाला, पाणी उतरू द्या, चिखल उघडा पडला की ते चरायला येतात. आणि खरंच आले. चारच्या सुमाराला समोरचा सगळा पट्टा गुलाबी झाला. मान खाली घालून, चोच उलटी करून, चिखल गाळत हजारो पक्षी. कुणी बोलेना. एकदम उडाले की पंखाखालचा लाल-काळा रंग दिसायचा.

आम्ही "अजून थोडं पुढं, अजून थोडं पुढं" करत राहिलो. नाववाला तरुण होता, त्याला आम्हाला नाही म्हणता आलं नाही. पाचला होडी टेकली. आधी वाटलं काठीनं ढकलू. एक मित्र उतरायला निघाला तर नाववाला ओरडला. त्यानं वल्हं चिखलात खुपसून दाखवलं, ते अर्ध्याच्या वर आत गेलं.

मग चार तास. पाच ते नऊ. दोन्ही बाजूंना शहर, ऐरोलीच्या पुलावरून गाड्या चाललेल्या, मोबाईलला पूर्ण रेंज, आणि आम्ही चिखलात. एकानं बायकोला फोन करून सांगितलं की समुद्रात अडकलोय. ती गॅलरीत गेली आणि म्हणाली, मला तुमचा पट्टा इथून दिसतोय, कुठला समुद्र? चिवड्याचं एक पाकीट सहा जणांत पुरवलं. अंधार पडला, डास आले, मग ठाण्याच्या विरुद्ध बाजूनं, पारसिकच्या डोंगरावरून चंद्र वर आला आणि चिखल चकाकायला लागला. सगळीकडून टप टप असा बारीक आवाज. नाववाला म्हणाला, निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, आणि चिंबोऱ्या. साडेआठनंतर होडीखाली पाणी खळखळलं, नऊला ती हलली.

मी त्या संध्याकाळबद्दल तक्रार करत नाही. पण आमच्यात बाई किंवा मूल नव्हतं, म्हणून हे गंमत म्हणून सांगता येतं.

*

ऐरोलीहून

त्या शेवटच्या वाक्यावरून. छोट्या होडीत संडास-बाथरूम नसतं आणि हे कुठल्याच सहलवाल्याच्या जाहिरातीत लिहीत नाहीत. आम्ही बायका त्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. मग ऊन लागतं, डोकं दुखतं, आणि घरी आल्यावर "तुला बोट लागली" असं म्हणतात. निघायच्या आधी धक्क्याजवळ सोय कुठं आहे, घारापुरीला उतरल्यावर कुठं आहे, हे विचारून घ्या. आणि पाणी प्या.

फ्लेमिंगोसाठी खाजगी होडीपेक्षा ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र बरं वाटलं. त्यांच्या वेळा भरती बघूनच ठरलेल्या असतात आणि बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो. नोव्हेंबर ते मे.

*

नेरूळहून

आमची फजिती वेगळी. एका सहलवाल्यानं "बेटं आणि समुद्री गुहा" अशी जाहिरात केली होती. आमच्या ह्यांना वाटलं, होडी गुहेत शिरणार. त्यांनी टॉर्च घेतला होता. निघालं घारापुरी. ती लेणी माणसांनी छिन्नीनं काळ्या दगडात कोरलेली, तीही डोंगरावर. दुसरं बेट म्हणून लांबून बुचर बेट दाखवलं. तिथं तेलाच्या टाक्या आहेत, कुणालाही उतरू देत नाहीत. ह्यांनी सव्वाशे पायऱ्या टॉर्च हातात घेऊन चढल्या.

*

घोडबंदर रोडहून

खरोखर होडी गुहेत शिरते ते आम्ही थायलंडला पाहिलं, फांग-ङा उपसागरात. तिथं चुनखडीचे सरळसोट डोंगर समुद्रातून वर आलेत. खालचा चुना पाण्यानं झिजून बोगदे झालेत. बाकी सगळं ठरलेल्या सहलीतून केलं, हा एकच दिवस आम्ही पाच जणांनी स्वतंत्र होडी घेतली. आईला गर्दीत चालवत नाही म्हणून.

मोठी होडी बाहेर नांगरतात आणि दोन-दोन माणसांना रबरी होडक्यात बसवून एक माणूस वल्हवत आत नेतो. बोगद्यात मिट्ट काळोख आणि वटवाघळांचा वास. एके ठिकाणी छत इतकं खाली की आडवं पडायला सांगतात. मी उताणा पडलो, नाकापासून वीतभर अंतरावर दगड सरकत होता, त्याला शिंपले चिकटलेले. आईनं मागच्या होडक्यातून रामरक्षा सुरू केली, ती गुहेत घुमत होती. मग एकदम उजेड. डोंगराच्या पोटात वरून उघडी अशी गोल जागा, चारी बाजूंना कडे, वर आभाळ. याला ते 'होंग' म्हणतात, म्हणजे खोली.

वल्हवणारा सारखं घड्याळ बघत होता. भरती चढली की त्या बोगद्याचं तोंड बुडतं आणि आत असलेला आतच राहतो. आम्हाला दहा मिनिटं मिळाली. त्या दहा मिनिटांत आईनं काय पाहिलं? चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. म्हणाली, "एवढे पैसे खर्च करून हेच दाखवायचं होतं तर कोलशेतला खाडीवर नेलं असतंस."

*

ठाणे, नौपाड्याहून

मूळ गाव कोकणात, म्हणून लिहितो. समुद्री गुहांसाठी देशाबाहेर जायला नको. निवतीसमोर खोल समुद्रात वेंगुर्ला रॉक्स म्हणून खडकाळ बेटं आहेत, त्यात गुहा आहेत आणि त्यांत पाकोळ्या राहतात. लाळेनं घरटं बांधणारा हा पक्षी काळोखात टक् टक् आवाज करून, प्रतिध्वनीवरून वाट काढतो. त्या घरट्यांची पूर्वी चोरटी विक्री चालायची.

मी तीन वर्षं प्रयत्न केला. पहिल्या वर्षी गावच्या नाववाल्यानं पहाटे समुद्राकडे बघितलं आणि सांगितलं, "आज दर्यो बरो नाय." मला तो सपाट दिसत होता. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी नेलं. गुहेच्या तोंडाशी लाट आत जाते आणि क्षणभरानं आतून तोफेसारखा आवाज येतो. त्यानं होडी लांबच ठेवली. मी म्हटलं, जरा जवळ घ्या ना. तो म्हणाला, "तुका पक्षी बघूचे असत की गुहा?" आम्ही अर्धा तास बाहेर डुलत राहिलो आणि पाकोळ्या आत-बाहेर करताना पाहिल्या.

*

कोपरखैरण्याहून पुन्हा

सगळ्यांचे आभार. दिवाळ्याच्या दादांना फोनच केला, त्यांनी दहा मिनिटांत दिवस काढून दिला. अकराला निघायचं, तीनला भरती, पाचपर्यंत परत, आणि पाणीही फार उधाणाचं नाही. म्हणजे चतुर्थी किंवा पंचमी. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं तर पंचमी सोमवारी येते, आणि सोमवारी लेणी बंद. रविवारी चतुर्थी आहे, पण ती संकष्टी.

दोन्ही आज्यांनी उपास सोडायला साफ नकार दिलाय. त्यामुळे होडीत कोळंबीचा भात करायचा बेत रद्द होऊन आता चौदा माणसांची साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू ठरलेत. लहान मापाचं जॅकेट मिळालंय. टोपीला नाडी लावून घेतलीय.