मदत हवी आहे: बीबीसी मायक्रो मॉडेल बी, चित्र येतं पण रंगच नाही

मंडळी, माझ्याकडे सरकारच्या जुन्या क्लास (CLASS) या शालेय संगणक-शिक्षण प्रोजेक्टमधला बीबीसी मायक्रो हा संगणक आहे, १९८४ नंतर भारतात शाळांना दिले होते ना त्यातला. मशीन छान चालू होतं, बीप येतो, बेसिक चालतं, पण बीएनसी सॉकेटवरून (मागचं कॉम्पोझिट व्हिडिओचं गोल सॉकेट) टीव्हीला जोडलं की सगळं करडं. या सॉकेटवर मुळात ब्लॅक अँड व्हाइटच येतं, रंगासाठी बोर्डवरची एस३९ लिंक जोडावी लागते, ती जोडली तरी फरक नाही. यूएचएफवर (टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडायचं आउटपुट) पण तेच. आरजीबी सॉकेटवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे देणारं) मात्र आठही रंग झकास, म्हणजे व्हिडिओ यूएलए (चित्र तयार करणारी चिप) ठीक असावी आणि घोळ पॅल एन्कोडिंगच्या भागात (टीव्हीसाठी रंग एकाच सिग्नलमध्ये मिसळणारं सर्किट) असावा असं मला वाटतं.

त्या भागात १७.७३४४७५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारा भाग) आहे, त्याला चारने भागून ४.४३ मेगाहर्ट्झचा कलर सबकॅरियर (रंगाची माहिती नेणारा सिग्नल) मिळतो. शेजारचा ट्रिमर (ही फ्रिक्वेन्सी किंचित जुळवायचा छोटा स्क्रू-कपॅसिटर) प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने हळू फिरवला तर क्षणभर अक्षरांच्या कडांना लाल-हिरवं चमकतं आणि लगेच जातं.

आता आधी ट्रिमर बदलू की क्रिस्टल? स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) नाहीये, साधा मल्टिमीटर आहे. आणि हा क्रिस्टल पुण्या-मुंबईत कुठे मिळेल? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, मशीन फार जिवाभावाचं आहे.