इंट्रानेटचा मेनू: विभागांप्रमाणे की कामांप्रमाणे?

अंबडचा_आयटीवाला
आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. एक प्लांट नाशिकमध्ये अंबडला, दुसरा सिन्नरकडे माळेगाव एमआयडीसीत. इंट्रानेट, म्हणजे कंपनीतल्या लोकांपुरती वेबसाइट, नव्याने बांधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. परवाच्या बैठकीत साहेबांनी ऑर्गनायझेशन चार्ट पुढे सरकवला आणि म्हणाले, "हाच मेनू." म्हणजे वरच्या पट्टीत एचआर, अकाउंट्स, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर्स, ॲडमिन असे अकरा विभाग आणि प्रत्येकाखाली ज्याच्या त्याच्या फाइली.

मला हे पटत नाही. बस चुकलेल्या ऑपरेटरच्या डोक्यात 'ॲडमिन' नसतं, 'पुढची बस किती वाजता' एवढंच असतं. आमच्याकडे बसचं वेळापत्रक ॲडमिनकडे, कॅन्टीनचं कूपन एचआरकडे. सेफ्टी शूज मिळतात स्टोअर्समध्ये, पण मागणीचा फॉर्म सेफ्टीवाल्यांचा. हे सगळं ज्याला पाठ आहे तो इंट्रानेट उघडतच नाही, सरळ त्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो. मग मेनू नक्की कोणासाठी?

माझ्या मते वर कामं हवीत: रजा आणि हजेरी, पगार आणि टॅक्स, मागणी आणि गेटपास, ड्रॉइंग आणि वर्क इन्स्ट्रक्शन, बिघाड आणि तक्रार. आपल्या नाशिकच्या सिडको वसाहतीचंच बघा. कागदावर पहिली ते सहावी योजना आहे, पण रिक्षावाल्याला आपण त्रिमूर्ती चौक सांगतो, पवननगर सांगतो.

ऑडिटवाली
सिडकोचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. माझं माहेर पाचव्या योजनेत. आम्ही पत्ता सांगताना योजनाच सांगतो!

आता मुद्द्याचं. विभागाचं पान म्हणजे एक मालक. 'मागणी आणि गेटपास' या पानाचा मालक कोण? स्टोअर्स, सिक्युरिटी की परचेस? बारभाईची शेती, काय लागेल हाती. मागच्या नोकरीत एकच टॉर्क चार्ट (बोल्ट किती घट्ट आवळायचे त्याचा तक्ता) दोन ठिकाणी चढवलेला होता, एका जागी रिव्हिजन 4, दुसरीकडे 6. लाइनवर 4 चिकटवलेला. ऑडिटरने तो बघितला तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल ते सांगत नाही. आयएसओ 9001:2015 या गुणवत्तेच्या मानकाचं कलम 7.5 कागदपत्रांवर नियंत्रण मागतं, मेनूची शोभा नाही.

अंबडचा_आयटीवाला
ताई, त्याच कलमाचा पुढचा भाग वाचा. 7.5.3 मध्ये माहिती 'जिथे आणि जेव्हा लागेल तिथे' मिळायला हवी असंही आहे. तुमचा चार्ट क्वालिटीच्या फोल्डरमध्ये सुरक्षित असेल, पण लाइनवरच्या माणसाला सापडला नाही म्हणून त्याने जुनी प्रिंट चिकटवली.

आणि फाइल कुठे राहते आणि पाटी कुठे लागते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल क्वालिटीच्याच लायब्ररीत राहू दे, एकच प्रत, एकच मालक. मेनूत फक्त तिची लिंक. पंचवटीत पाटीवर 'रामकुंड' लिहितात, 'मनपा बांधकाम विभाग' लिहीत नाहीत.

सरळ_सर्च
एवढा काथ्याकूट कशाला? एक सर्चची चौकट द्या, संपलं. याहूची डिरेक्टरी, म्हणजे वेबसाइटांची विषयवार यादी, 2014 मध्ये बंद पडली, लोकांना यादी नकोच असते.

एचआर_सातपूर
बाहेरचं सर्च चालतं कारण लाखो पानं एकमेकांना लिंक देतात आणि त्यावरून कुठलं पान कामाचं ते कळतं. आमच्या रजेच्या फॉर्मला कोण लिंक देणार? त्यात फाइलींची नावं 'फायनल', 'न्यू फायनल', 'फायनल साहेबांचे'. अर्धी स्कॅन केलेली, म्हणजे आतला मजकूर शोधताच येत नाही. शिवाय कोणी 'रजा' टाकतो, कोणी 'सुट्टी', कोणी 'सीएल' (कॅज्युअल लीव्ह). आधी हे समानार्थी शब्द जोडायला माणूस बसवा.

आणखी एक. जे आहे हेच माहीत नाही ते माणूस शोधेल कसं? 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची तरतूद 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आली. आमच्याकडे सोय आहे, तरी बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बायका मला जिन्यात अडवून विचारतात. मेनूत 'पाळणाघर' हा शब्द नुसता डोळ्यांसमोरून गेला असता तरी पुरे होतं.

मॅनेजमेंट_कोटा
कामं घ्या नाहीतर विभाग, पण सातच्या वर नको. मानसशास्त्राचा नियम आहे.

अंबडचा_आयटीवाला
तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा 1956 चा निबंध. त्यात माणूस थोड्या वेळापुरतं किती लक्षात ठेवतो याची चर्चा आहे. मेनू पाठ करायचा नसतो, तो समोरच असतो. शब्द ओळखीचे असतील तर नऊही चालतील. 'रिसोर्सेस' आणि 'जनरल' अशा पाट्या असतील तर चारही जड. आमच्या जुन्या साइटवर 'इतर' या पाटीखाली निम्मी कंपनी होती.

तिसरी_पाळी
तुम्ही सगळे खुर्चीवर बसून बोलताय. आम्हाला कंपनीचा मेल आयडी नाही. कॅन्टीनजवळ एक टच स्क्रीन, चहाला 10 मिनिटं, मागे रांग. गेल्या वेळी मोठा पसरणारा मेनू केला होता, माउसचा बाण त्यावर नेला की उघडणारा. बोटाला बाण कुठला असतो? मेनू उघडायचाच नाही. मोठी सहा बटणं द्या, मराठीत. अकाउंट्सवाल्यांना काय द्यायचं ते द्या.

ऑडिटवाली
बटणांचं म्हणणं पटलं. पण प्रत्येकाला वेगळा मेनू दिला तर फोनवर सांगायचं कसं? माझ्या स्क्रीनवर आहे ते याच्या स्क्रीनवर नाही. आणि लिंक लपवली म्हणजे फाइल बंद झाली असं आयटीवाले समजतात. परवानगी फाइलवरच लावावी लागते. विभागवार रचनेत निदान ते एका जागी तपासता येतं.

अंबडचा_आयटीवाला
परवानगीचं खरं आहे, मान्य. मेनू मात्र एकच ठेवतो, आणि त्यातली सहा कामं कॅन्टीनजवळच्या टच स्क्रीनवर मोठी करून.

वाद मिटत नाही म्हणून 40 चिठ्ठ्या केल्यात. प्रत्येकीवर एक काम, विभागाचं नाव कुठेच नाही. लोकांनी त्यांचे गठ्ठे लावायचे आणि गठ्ठ्याला स्वतःच्या शब्दांत नाव द्यायचं. अंबडला सुरुवात केली. एका फिटरने गेटपास, स्क्रॅप आणि टूल दुरुस्ती एकत्र ठेवून वर लिहिलं 'बाहेर जाणारं सामान'. आमच्या 11 विभागांत हे नाव कोणाला सुचलं नव्हतं. सोमवारी सिन्नरला तिसऱ्या पाळीत जातोय.

ऑडिटवाली
गेटपासच्या चिठ्ठ्या दोन कर. रिटर्नेबल (सामान परत येणार तो) वेगळा, नॉन-रिटर्नेबल वेगळा. सह्या वेगवेगळ्या लोकांच्या लागतात.