प्रतिसाद: तापासमध्ये शाकाहारी माणसाचं पोट भरतं का?

तापास म्हणजे स्पेनमधल्या बारमध्ये मिळणाऱ्या छोट्या छोट्या डिशेस. पोट भरतं, पण डोळ्यात तेल घालून ऑर्डर द्यावी लागते. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया शहरात मी 'साल्मोरेखो' मागवलं. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं गार, दाट सार. म्हटलं, यात काय असणार? वाडगा आला तो वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे बारीक तुकडे पेरूनच! वेटरला त्यात काही वावगं वाटलं नाही, तिकडे हॅम म्हणजे आपली वरून भुरभुरलेली कोथिंबीर. तेव्हापासून 'सिन हामोन' (हॅमशिवाय) हे दोन शब्द पाठ केले.

पण त्याच गावात 'एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस' खा. पालक आणि काबुली चणे, त्यात चक्क जिरं. एल रिंकोन्सियो हा १६७० सालचा बार यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे हिशेब अजून काउंटरच्या लाकडावर खडूने मांडतात.

आणि वांगी! 'बेरेन्खेनास कॉन मिएल' म्हणजे पिठात घोळवून तळलेले वांग्याचे काप, वरून उसाच्या रसाची काळपट काकवी. नावात मध आहे, पण अंदालुसियात, म्हणजे सेव्हिया ज्या प्रांतात आहे तिथे, बहुधा काकवीच असते. कडेला कुरकुरीत, आत लोण्यासारखे. गरम असतानाच संपवा, काकवीने लगेच मऊ पडतात. आजीने काकवी पोळीशीच वाढली, वांग्यावर घालायचं कधी सुचलं नाही तिला.

त्याच प्रांतातल्या ग्रानादा शहरात ड्रिंकसोबत तापा फुकट येतो, पण बहुतेक ठिकाणी बारवाला देईल तो. तेव्हा आधीच सांगून ठेवा. आणि रात्री नऊच्या आधी जेवायला जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी किचनच उघडलेलं नसतं.