एका दिवसात कोल्हापूर उरकू नका

एकांनी लिहिलंय की कोल्हापूर एका दिवसात होतं: सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी रंकाळा तलाव. पाहुण्यांची पहिली चूक हीच. मंगळवारी-शुक्रवारी देवळात गर्दी असते, त्यात सुट्टी आली की अर्धा दिवस रांगेतच जातो. पहाटे जा. किरणोत्सवाला यायचं असेल तर मात्र संध्याकाळ राखून ठेवा. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात.

जेवणाचंही तसंच. कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ समजून लोक पांढऱ्या रश्शाला हातच लावत नाहीत. अहो, मटणाच्या अळणीत, म्हणजे बिनतिखट सूपात, नारळाचं दूध घालून केलेला असतो तो! वाटी तोंडाला लावून प्या. आणि मिसळीबरोबर पाव मागू नका, इथं ब्रेडच येतो.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते चपलांचं. २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली ही वस्तू, आणि लोक रस्त्यावर रेक्झिनचा जोड घेऊन 'अस्सल' म्हणून घरी नेतात. चप्पल उलटी करून तळ बघा, शिवण चामड्याच्या वादीची आहे का बघा, वास घ्या. नवी चप्पल आठवडाभर चावणारच. आतून थोडं तेल लावा, घरातल्या घरात घाला. पावसात मात्र अजिबात नको, चामडं फुगतं.

पन्हाळा वीसेक किलोमीटरवरच आहे, पण त्याला वेगळा दिवस द्या.