रिव्हिएरा : नाव की नुसता किनारा?

एका पर्यटन पुस्तिकेचं मराठी भाषांतर करते आहे. एकाच पानावर फ्रेंच रिव्हिएरा, टर्किश रिव्हिएरा, इंग्लिश रिव्हिएरा आणि मेक्सिकोतला रिव्हिएरा माया असे चार रिव्हिएरा आले आहेत. पहिल्या खर्ड्यात सरळ ‘किनारा’ लिहिलं, पण ‘फ्रेंच किनारा’ म्हटलं की त्यात नॉर्मंडीही येते आणि ब्रिटनीही. मूळ शब्दाचा अर्थ काय, आणि मराठीत तो कसा चालवावा?

*

ताई, शब्द इटालियन आहे आणि त्याचा अर्थ खरोखर किनाराच. लॅटिनमध्ये ‘रिपा’ म्हणजे काठ, त्यावरून ‘रिपारिया’, म्हणजे काठावरचा मुलूख. त्यातूनच इटालियनमध्ये रिव्हिएरा झाला. फ्रेंचांकडे ‘रिव्हिएर’ म्हणजे नदी झाली, आणि इंग्रजी ‘रिव्हर’ तिथूनच आला. म्हणजे काठाचं नाव पाण्याला लागलं. इंग्रजीतला ‘अराइव्ह’सुद्धा याच कुळातला, मुळात काठाला लागणं. आपण काम ‘पार’ पाडतो, ‘तडीस’ नेतो, तेव्हा आपल्याही बोलण्यात पलीकडचा काठच असतो. मराठीने आणि इंग्रजीने हे एकमेकींकडून घेतलेलं नाही, नावेतून उतरणाऱ्या माणसांना सुचलेली ती एकच गोष्ट आहे.

आता नावाबद्दल. रिव्हिएरा हे नाव ठसलं ते इटलीच्या लिगुरिया प्रांतात. फ्रान्सच्या हद्दीजवळच्या व्हेंतिमिल्यापासून ला स्पेत्सियापर्यंतची ही पट्टी आहे. मधोमध जेनोआ. त्याच्या पूर्वेला रिव्हिएरा दि लेव्हांते आणि पश्चिमेला रिव्हिएरा दि पोनेंते, म्हणजे उगवतीकडचा किनारा आणि मावळतीकडचा किनारा. मला ही जोडी फार आवडते, कारण आपल्याकडेही सूर्य मावळतो त्या बाजूचा म्हणून मावळ असं सांगतात.

मागे आल्प्स आणि अपेनाइन्सच्या रांगा अगदी पाण्यापर्यंत उतरलेल्या. उत्तरेचा गार वारा डोंगर अडवतो, ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून हिवाळ्यातही लिंबं धरतात. याच किनाऱ्यावर पुढे पश्चिमेला असलेलं नीस शहर 1860 साली फ्रान्सकडे गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रज तिथे हिवाळा काढायला जात. समुद्रालगतचा तिथला रस्ता आजही ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ याच अर्थाच्या नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यातला हंगाम मागाहून आला. तेव्हा या नावात पहिल्यापासून भरलेला अर्थ वाळूचा नाही, थंडीतल्या उन्हाचा आहे. डोंगर हवाच.

एक गंमत बघा, फ्रेंच लोक स्वतः ‘फ्रेंच रिव्हिएरा’ म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘कोत दाझ्यूर’, निळाईचा किनारा. स्तेफेन लिएजार यांनी 1887 साली आपल्या पुस्तकाला हे नाव दिलं आणि ते रुळलं.

*

नाव हिंडत कुठवर गेलं याचा हा जवळून पाहिलेला नमुना. मी नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये राहतो, टॉर्कीपासून फार लांब नाही. टॉर्की, पेंटन आणि ब्रिक्सम या तीन गावांचा टॉरबे म्हणजे ‘इंग्लिश रिव्हिएरा’. रस्त्याकडेला ताडासारखी झाडं लावलेली आहेत. खोडावर तलवारीसारख्या पानांचा झुबका, खाली वाळलेली पानं लोंबतात. सगळे त्याला टॉर्की पाम म्हणतात, पण ते ताडाच्या जातीचंच नाही, न्यूझीलंडहून आलेलं आहे. पावसात भिजलेली ती झाडं पाहिली की कळतं, या गावाला त्या नावाची किती ओढ होती. शेजारच्या कॉर्नवॉलला जाणाऱ्या गाडीलाही रेल्वेने 1904 साली ‘कॉर्निश रिव्हिएरा’ हेच नाव दिलं.

*

मग समुद्र नसला तरी रिव्हिएरा चालतो का? स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रोला तसं म्हणतात, तिथे तर तळं आहे.

*

चालतो. इटलीतच पादुआ आणि व्हेनिसच्या मध्ये ‘रिव्हिएरा देल ब्रेंता’ आहे, तो ब्रेंता नदीचा काठ. मूळ अर्थ तोच असल्यामुळे त्यात चूक काही नाही. उलट मेक्सिकोतला रिव्हिएरा माया सपाट चुनखडीच्या जमिनीवर आहे, मागे डोंगर नाही. आधी त्याला कानकुन-तुलुम पट्टा म्हणत. तिथे हे नाव केवळ पर्यटकांसाठी ठेवलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते पटत नाही. माया लोकांच्या भूमीला लिगुरियाचं नाव कशाला?

*

गोव्यातून लिहिते आहे. या शब्दाची पोर्तुगीज बहीण, ‘रिबेरा’, आमच्याकडे कधीच येऊन गेली. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी पोर्तुगीजांची जहाजं बांधायची जागा होती, तिला रिबेरा ग्रांदे म्हणत. पण समुद्रकाठाला आमचा शब्द ‘वेळ’. दर्यावेळ. संस्कृत ‘वेला’ तोच. तुमच्याकडचं वेळणेश्वर, वेळास ही गावं समुद्रालाच लागून आहेत ना? आपल्या किनाऱ्याला ‘कोकणचा रिव्हिएरा’ म्हणणाऱ्या जाहिराती दिसल्या की वाईट वाटतं. घरात वेळ आहे, पुळण आहे, काठ आहे, तीर आहे.

*

अगदी मनातलं बोललात. ताई, तुमच्या पुस्तिकेपुरतं सांगतो. विशेषनाम म्हणून रिव्हिएरा तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘फ्रान्सच्या आग्नेयेकडचा भूमध्य समुद्राचा किनारा’ असं एका वाक्यात सांगा. इटालियनमध्ये तो स्त्रीलिंगी असला तरी मराठीत किनाऱ्याच्या ओढीने पुल्लिंगीच होतो. मात्र ‘रिव्हिएऱ्यात’ नको. गोवा आपला, म्हणून गोव्यात. कॅनडा परका, म्हणून कॅनडात. तसंच रिव्हिएरात, रिव्हिएराला.

*

आभार दादा. ‘टर्किश रिव्हिएरा’चं ‘अंताल्याचा किनारा’ केलं आहे, बाकीचे तीन तसेच ठेवते. आणि शेवटच्या पानावर गुहागरच्या समुद्राबद्दल दोन ओळी होत्या, तिथे ‘बीच’ खोडून पुळण लिहिलं.